सात वावांवरचे मासे

१

साकीनाक्याच्या त्या औद्योगिक वसाहतीत सकाळचा उजेड सरळ येत नसे. पूर्वेला एकाला एक लागून गाळ्यांच्या इमारती उभ्या होत्या. ऊन आधी त्यांच्या पत्र्यांवर रेंगाळे, पाण्याच्या काळ्या टाक्यांना वळसा घाली, आणि मग समोरच्या पावडर कोटिंगवाल्याच्या बंद खिडकीवर पडे. ती खिडकी वर्षानुवर्षं कोणी उघडली नव्हती. तिच्या धुळकट काचेवरून परतून ते ऊन गल्ली ओलांडी आणि तिसऱ्या मजल्यावरच्या एका छोट्या कचेरीत, तीन टेबलांच्या रांगेतल्या मधल्या टेबलावर येऊन बसे. पूर्वेचं ऊन असं पश्चिमेकडून येण्यात काहीतरी उसनं होतं, फिकट होतं. तरी सुबोधला ते आवडे. पट्टीच्या कडेवरून ते सरके, पाण्याच्या बाटलीत शिरून टेबलावर एक थरथरता ठिपका काढी, सूक्ष्मदर्शकाच्या भिंगापाशी क्षणभर अडे. खाली गल्लीत टेम्पो मागे घेताना "आने दे, आने दे" चाललेलं असे, कुठेतरी ग्राइंडर दिवसाची पहिली किंचाळी मारी, आणि वर हा उजेड, कोणाच्याच कामाचा नसल्यासारखा, सावकाश पुढे जात राही. एवढा लांबचा फेरा घेऊन तो आपल्यासाठीच येतो, असं सुबोधला वाटे. त्या वाटण्याला आधार नव्हता, हेही त्याला ठाऊक होतं. पण सर्वांच्या आधी कचेरीत येणाऱ्या एकट्या माणसाला एवढी मुभा असावी.

त्या सोमवारी मात्र उजेड एका डब्यावर पडला. डब्याच्या कडांवर मिठाचा पांढरा थर होता आणि पडद्याच्या कोपऱ्यात माशाचं एक खवलं चिकटलेलं होतं. मच्छीमार होड्यांसाठी कचेरीने बनवलेलं हे यंत्र. पाण्यात आवाज सोडायचा, माशांवरून परतणारा प्रतिध्वनी टिपायचा, तो किती वेळाने आला त्यावरून खोली ठरवायची आणि पडद्यावर दाखवायची, एवढंच त्याचं काम. चाचणीसाठी ते माहुलच्या तुळशीदास कोळ्यांच्या होडीवर बसवलं होतं. आज ते परत आलं होतं.

"त्याने नसलेले मासे दाखवले," मालक शरच्चंद्र दारातूनच म्हणाले. त्यांच्या हातात हेल्मेट तसंच होतं. "तुळशीदास त्या थव्यामागे गेले आणि जाळं पाण्याखालच्या खडपात अडकलं. फाटलं सगळं. पहिला नमुना कसा छान चालला होता! हादऱ्यांनी तडकला, ते सोड. पण असली भुतं त्यात नव्हती."

"सर, कारण शोधावं लागेल."

"कारण सापडलंय. पहिल्या आणि या बोर्डात एकच फरक आहे. मानसीने कनेक्टर सरकवला, तेव्हा रेषा दाटीवाटीने बसवल्या असणार. तिला मी घरी बसायला सांगितलंय."

सुबोधने डावीकडे पाहिलं. यंत्रातल्या बोर्डावरच्या रेषा आखणाऱ्या मानसीचं भिंतीलगतचं टेबल आवरलेलं होतं. तिचा पिवळा मग तेवढा राहिला होता, तळाशी चहाचं सुकलेलं वर्तुळ घेऊन.

"तिने असं केलं नसेल," तो म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच मोठा वाटला.

शरच्चंद्रांनी त्याला निरखून पाहिलं. इतक्या वर्षांत हा मुलगा पहिल्यांदाच त्यांच्या विरुद्ध बोलला होता.

"मग दाखव कोणी केलं. शनिवारी मी तिच्या जागी नवीन माणूस घेतोय."

२

माहुलच्या धक्क्यावर ओहोटीचा वास होता आणि त्यात रिफायनरीचा वास मिसळला होता. तुळशीदास फाटलेलं जाळं मांडीवर घेऊन तुणत बसले होते. शेजारी त्यांची बायको कमळ बोंबील निवडत होती.

"निमेशच्या हापिसातला काय तू?" तुळशीदासांनी वर न पाहता विचारलं. "ये, बस. आमच्या पुतन्याला तोंड दावायला लाज वाटली वाटतं."

कचेरीतला निमेश यांचाच पुतण्या. यंत्राचा डबा, बिजागऱ्या, स्क्रू हे सगळं त्याच्याकडे होतं, आणि चाचणीसाठी काकांची होडी त्यानेच मिळवून दिली होती.

"मासे कुठे दिसले, ते सांगाल का?" सुबोधने विचारलं.

"कुठं नाय दिसले, ते विचार!" तुळशीदासांनी सुतळी दाताने तोडली. "बाहेर गेलो, सात वावांवर म्हावरा. खडपाजवळ गेलो, सात वावांवर म्हावरा. मना वाटलं, दर्या पावला. मंग घरी येताना खारीन शिरलो. आमचे खारीन पानी किती? तीन वाव. आन् तुमचा डबा सांगतो, सात वावांवर म्हावरा! चिखलान पवतंय काय रं?"

कमळ खळखळून हसली. सुबोधही हसला, पण त्याच्या मनात काहीतरी टक् करून बसलं. वाव म्हणजे सहा फूट; खाडीचा तळ तीन वावांवर आणि मासे सात वावांवर. तळापेक्षा खोल असणारे मासे समुद्रातून आलेले नसतात. ते डब्यातच जन्मलेले असतात.

"आणि कधी गेले का ते मासे? मधेच?"

"नकाशा लपवला का जात. आर्ध्या पडद्यावं नकाशा, आर्ध्यावं म्हावरा. नकाशा बंद केला का म्हावरा गायब. परत लावला का परत हाजीर."

डबा कुठे बसवला होता ती जागा पाहताना सुबोधने सोबत आणलेलं यंत्र उघडलं. स्क्रू नेहमीपेक्षा जास्त वेळ फिरत राहिले. त्यातला एक, काहीही विचार न करता, त्याने खिशात टाकला.

तेवढ्यात दूरच्या होडीतून एका बाईने हात हलवला. सुबोधने गोंधळून, किंचित आनंदून, हात वर केला.

"ती मना बोलवतंय रं," कमळ म्हणाली. "निशा हाय, माझी भैन. तुना कशाला वलखंल ती?"

सुबोधने वर गेलेला हात तसाच केसांवरून फिरवला. कमळच्या ते लक्षात आलं असावं, कारण तिने आवाज जरा खाली आणला. "घरी कोन हाय तुझ्या?"

"आई-बाबा गावी असतात, कणकवलीला. मी घाटकोपरला एकटाच."

"मंग बोलत जा रं जरा कोनाशी," ती म्हणाली, आणि मूठभर सुके बोंबील कागदात बांधून तिने त्याच्या पिशवीत घातले.

३

क्रॉसटॉक हा शब्द सुबोधने कॉलेजात ऐकला होता, तेव्हाच त्याला तो भुताच्या गोष्टीसारखा वाटला होता. बोर्डावर तांब्याच्या बारीक रेषा शेजारी शेजारी धावतात. एकमेकींना त्या कुठेच शिवत नाहीत. पण एकीतून सिग्नल वेगाने गेला, की शेजारच्या मुक्या रेषेतही त्याची लहर उठते. मुकीला कोणी काही सांगितलेलं नसतं. तरी तिच्या टोकाशी बसलेल्याला वाटतं, निरोप आला. म्हणून अशा रेषांमध्ये नियमाने अंतर सोडायचं. मानसीने ते सोडलं नाही, असा आरोप होता.

"नकाशा म्हणजे माझं पाप," हर्षद म्हणाला. उजवीकडच्या टेबलावर पाय टाकून तो वडापाव खात होता. पडद्याचा सगळा प्रोग्राम त्याचा. "मी पडद्याचा वेग वाढवला होता, यार. नकाशा झकास सरकावा म्हणून. माझ्यामुळे तिची वाट लागली असेल तर सांग, आत्ता जाऊन सरांच्या पाया पडतो."

"वेग कमी करून बघ."

हर्षदने हात पुसले आणि वेग उतरवला. बादलीतल्या पाण्यात सोडलेल्या यंत्राने आता सातऐवजी अकरा वावांवर मासे दाखवले. ते जरा फिकट झाले होते. पण गेले नव्हते.

"म्हणजे मासे पडद्याच्या तारेतूनच येतायत," सुबोध म्हणाला. "पण वेग हे मूळ नाही. पहिल्या नमुन्यावरही तुझा हाच प्रोग्राम होता."

"आणि आपण इथे तपासलं तेव्हा का नाही दिसले?"

"कारण आपण एकेकाला तपासलं. मासे बघताना पडद्याऐवजी लॅपटॉप जोडला होता. पडदा तपासला तेव्हा पाण्यात काही सोडलंच नव्हतं. दोघं एकाच वेळी बोलतायत, असं आपण कधी ऐकलंच नाही."

हर्षदने मान डोलावली. मग काहीसं हळू म्हणाला, "तिला फार लागलंय रे हे. त्यात आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं गुरुवारी."

"तुला कसं कळलं?"

"सांगितलं ना तिने."

सुबोधला एवढंच वाटलं, की आपण फोन केला असता तर आपल्यालाही सांगितलं असतं.

दुपारी निमेश आला. सावळा, रुंद खांद्यांचा, बोलण्यात रोखठोक. "माझ्याकडे काय बघतोस? बॉडी माझी, तांबं तुमचं. कनेक्टर सरकवायला मी सांगितलं, बरोबर. डब्याच्या भोकासमोर येत नव्हता. त्यात गुन्हा काय?"

"काकांना भेटलास?"

 निमेश पंजाने मान चोळत खिडकीपाशी गेला, आणि त्याच्या पाठीकडे पाहताना सुबोधला पहिल्यांदाच त्याच्याविषयी शंका आली.

सगळे गेल्यावर सुबोधने बोर्ड सूक्ष्मदर्शकाखाली धरला. पडद्याकडे जाणाऱ्या रेषा आणि माशांचा प्रतिध्वनी आणणाऱ्या रेषा पाण्यातल्या समांतर दोऱ्यांसारख्या चमकत होत्या. त्याने अंतर मोजलं. जागा बदलून पुन्हा मोजलं.

अंतर अगदी बरोबर होतं. मानसीने नियम केसाइतकाही मोडला नव्हता.

आणि तरीही बादलीत मासे होते.

४

मुलुंडला मानसीच्या इमारतीखाली एक लहानशी बाग होती. ती घरातल्या कपड्यांवरच खाली आली. हातात आईच्या डोळ्यांत घालायच्या औषधाची बाटली तशीच होती.

"काय रे, तू? सरांनी पाठवलं?"

"नाही. मीच आलो."

"हर्षद काय म्हणाला?"

त्याचा अर्थ सुबोधने असा लावला, की तीही संशयितांचा विचार करते आहे. त्याने वेगाची, फिकट झालेल्या माशांची हकिगत सांगितली. ऐकताना तिचा चेहरा सैल पडला.

"म्हणजे त्याचं काही नाही ना यात?"

"नाही. आणि तुझंही नाही. मी अंतर मोजलं."

मानसी बाकावर बसली. काही वेळ ती नुसती बाटलीचं झाकण फिरवत राहिली. "तू घरी गेल्यावर चार लोकांसमोर सर म्हणाले, घरी बसा. मला तर स्वतःचाच संशय यायला लागला होता, माहितीये? घरी नुसता तोच बोर्डाचा आराखडा डोळ्यांसमोर. वरून बघते, परत वरून बघते. सगळं बरोबर." ती खिन्नपणे हसली. "आपली सवयच ती. स्क्रीनवर बोर्ड म्हणजे नुसता कागद. त्याला जाडी असते, हेच आपण विसरतो."

सुबोधचा हात खिशात गेला. माहुलपासून तिथे राहिलेला स्क्रू त्याच्या बोटांना लागला. तो विचार करू लागला, आणि स्क्रू बाहेर काढून त्याने तो बोटाच्या पेराशी धरून पाहिला.

"काय झालं?" मानसीने विचारलं.

"स्क्रू लांब आहे," तो म्हणाला, आणि निरोपसुद्धा न घेता चालू लागला.

५

शुक्रवारी सकाळी सुबोधने सगळ्यांना आपल्या टेबलाभोवती बोलावलं. इतकी माणसं त्या टेबलाशी कधी जमली नव्हती. समोरच्या काचेवरून आलेलं ऊन नुकतंच टेबलावर उतरलं होतं. त्याने तडकलेला जुना नमुना आणि नवा बोर्ड, दोन्ही कडेवर उभे केले. वरून पाहताना जे जुळे भाऊ वाटत, ते कडेने पाहताना अगदी निराळे निघाले. नवा बोर्ड जुन्याच्या दुप्पट जाड होता.

शरच्चंद्र वाकले. "हे कोणी केलं?"

"ते नंतर, सर. आधी काय झालं ते सांगतो." सुबोध बोर्डाकडे पाहूनच बोलत होता, माणसांकडे पाहिलं असतं तर त्याचे शब्द अडले असते. "आपल्या बोर्डाच्या वर रेषा आहेत आणि पाठीला तांब्याची अखंड चादर, म्हणजे ग्राउंड. सिग्नल नुसत्या रेषेतून जात नाही. रेषा आणि तिच्याखालची चादर यांच्या मधल्या जागेत तो पसरलेला असतो. चादर जवळ असली की तो आवरलेला राहतो. चादर लांब गेली की तो बाजूला पसरतो, शेजारणीच्या अंगणात जातो. दोन रेषांमधलं अंतर मानसीने बरोबर ठेवलं होतं. पण ते अंतर पुरेसं आहे की नाही, हे ठरतं चादर किती जवळ आहे त्यावरून. बोर्ड जाड झाला, चादर लांब गेली. नकाशा सरकला, पडद्याच्या रेषा बोलल्या, आणि माशांच्या मुक्या रेषेने ते ऐकलं. आवाज सोडल्यावर प्रत्येक वेळी तेवढ्याच वेळाने. म्हणून प्रत्येक वेळी सात वाव."

त्याने खिशातला स्क्रू टेबलावर ठेवला आणि शेजारी जुन्या नमुन्याचा ठेवला.

"बोर्ड कारखान्याच्या चुकीने जाड आला असता, तर जुने स्क्रू पुरले नसते आणि कोणीतरी ओरडलं असतं. कोणी ओरडलं नाही. लांब स्क्रू आधीच मागवलेले होते. म्हणजे बोर्ड जाड येणार, हे स्क्रू मागवणाऱ्याला माहीत होतं."

 खाली टेम्पोवाला कोणाला तरी शिव्या देत होता.

"हो, मीच सांगितलं," निमेश म्हणाला. "कारखान्याला फोन केला, म्हटलं जाड पत्रा घाला. पहिला नमुना तडकला होता ना? तुम्ही कोणी होडीच्या इंजिनावर हात ठेवून बघितलाय? दात वाजतात. मी लहानपणापासून त्या होडीवर जातो. काकाच्या हातात परत तुटका माल द्यायचा नव्हता मला." तो थांबला. "जाडी म्हणजे बॉडी. बॉडी माझी. तुम्हाला काय विचारायचं, असं वाटलं रे. मानसीला घरी बसवलं तेव्हाही डोक्यात नाही आलं, शपथ."

"आणि मी तरी कुठे विचारलं?" शरच्चंद्र हळूच म्हणाले.

"म्हणजे काकाचं जाळं मीच फाडलं," निमेश म्हणाला आणि खुर्चीत बसला. हर्षदने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

सुबोधने शेवटची गोष्ट टेबलावर ठेवली. आदल्या दिवशी त्याने मानसीचीच रचना, एकही रेषा न हलवता, जुन्या पातळ पत्र्यावर बनवून घेतली होती. हर्षदने पूर्ण वेग लावला, नकाशा सरकवला. बादलीतल्या पाण्याचा तळ दिसला. त्याखाली काही नव्हतं.

"पातळच ठेवू," निमेश घोगऱ्या आवाजात म्हणाला. "खाली रबर घालतो, मधे दोन टेकू देतो. नाही तडकणार. आणि जाळं तुणायला मी जातो माहुलला."

शरच्चंद्रांनी फोन काढला. "मानसी? हो, मीच. अगं, चूक माझी होती." ते फोन घेऊन बाहेर गेले. सुबोधला त्यांचं पुढचं बोलणं ऐकू आलं नाही. तो पिवळा मग घेऊन मोरीपाशी गेला आणि तळाचं वर्तुळ निघेपर्यंत घासत राहिला.

६

सोमवारी मानसी आली ती वाऱ्यासारखी. "बघा, गुन्हेगार हजर!" ती म्हणाली, आणि तिने आणलेली चिक्की सुबोधच्या टेबलाच्या मध्यावर ठेवली. "खा रे सुबोध. हर्षदने सांगितलं मला, तू किती खपलास ते. थँक्यू हं." मग दिवसभर हसणं, चिडवणं, पडद्याच्या रंगांवरून भांडणं. "सुबोध, जरा पास कर ना," असं म्हणत चिक्कीचे तुकडे उजवीकडे गेले, पेन डावीकडे आलं. सुबोध मधे बसून सगळं पोचवत राहिला. घरी जाताना घाटकोपरच्या जिन्यावर तो शीळ घालत होता, आणि हे त्याला कुलूप उघडताना कळलं.

मंगळवारी हर्षद नव्या बोर्डाची चाचणी घ्यायला माहुलला गेला. आठवडाभर तो होडीवरच असणार होता.

त्या सकाळीही ऊन समोरच्या काचेवरून आलं, बाटलीत शिरलं, ठिपका काढून थरथरलं. मानसी आली. तिने मान हलवली, खुर्ची ओढली, कानात इअरफोन घातले. दुपारी तिने डबा आपल्याच टेबलावर उघडला. बुधवारी सुबोधने चिक्कीचा उरलेला तुकडा तिच्यापुढे केला. तिने तो घेतला, हसली आणि पुन्हा पडद्याकडे वळली. त्या हसण्यात राग नव्हता, तुटकपणा नव्हता. त्यात काहीच नव्हतं. गुरुवारी फोन वाजला तेव्हा तिचा चेहरा उजळला, आणि ती बोलत बोलत गच्चीकडे निघून गेली.

एखाद्या रेषेवर दिसणारी लहर तिची स्वतःची आहे की शेजारणीची, हे तपासायची एक साधी रीत असते. शेजारणीला गप्प करायचं आणि बघायचं. ही परीक्षा सुबोधने मांडलेली नव्हती. ती आपोआप मांडली गेली होती, आणि त्याला टेबलावरून उठता येत नव्हतं.

गेल्या गणपतीत हर्षद गावी गेला होता, ते दिवस त्याला आठवले. तेव्हा मानसीचं डोकं दुखत असावं, असं त्याने ठरवलं होतं. मे महिन्यात कामाचा ताण असावा. एकदा एसी बिघडला होता. प्रत्येक शांततेला त्याने एकेक कारण नेमून दिलं होतं, आणि सगळी कारणं वेगळी असूनही त्या सगळ्या दिवशी उजवीकडची खुर्ची रिकामी होती, एवढंच त्याने कधी मोजलं नव्हतं.

ऊन टेबलावरून सरकलं आणि भिंतीवर चढून विझलं.

हर्षद नसला की मानसी सुबोधशी बोलत नसे.